घरगुती निचरा व्यवस्थेची देखभाल

घरगुती निचरा व्यवस्थेची देखभाल म्हणजे छतावरील पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी व नळ, तसेच स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांतील सांडपाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या, नळ व चेंबर यांची नियमित तपासणी आणि साफसफाई होय. पाणी तुंबू न देणे हा तिचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रातील नागपूर शहरात दीर्घ, कोरड्या उन्हाळ्यानंतर थोड्या तासांत मुसळधार पाऊस पडू शकतो. त्यामुळे तेथे ही देखभाल प्रामुख्याने पावसाळ्यापूर्वीचे काम ठरते.

रचना

घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दोन मार्ग असतात. पावसाचे पाणी कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावरून पन्हळीत, तर सपाट गच्चीवरून कोपऱ्यातील जाळीतून उभ्या नळात उतरते. तेथून ते अंगणात, शोषखड्ड्यात किंवा रस्त्याकडेच्या पावसाळी नालीत जाते. सांडपाणी मात्र ट्रॅप, आडवे नळ आणि चेंबर यांतून मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये जाते.

ट्रॅप म्हणजे नळाचा वाकवलेला भाग. त्यात कायम साचून राहणारे थोडे पाणी मलवाहिनीतील दुर्गंधी व कीटक घरात येऊ देत नाही. इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराच्या अशा नळाचे एकस्व स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये घेतले. न्हाणीघराच्या जमिनीत बसवल्या जाणाऱ्या ट्रॅपला भारतीय बांधकाम व्यवसायात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. या नावाचे मूळ 'न्हाणी' या शब्दात आहे. बराच काळ न वापरलेल्या न्हाणीघरातील ट्रॅपचे पाणी उन्हाळ्यात आटते. अशा वेळी येणारी दुर्गंधी तुंबल्यामुळे नसते आणि तांब्याभर पाणी ओतल्यास ती थांबते.

नागपूरमधील परिस्थिती

कडुनिंब व पिंपळ यांची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर होते. ही पाने, धूळ आणि वादळी वाऱ्याने आलेला कचरा पाऊस येईपर्यंत गच्चीवर व पन्हळीत साचत राहतो. शहरातील घरांमध्ये कूलरचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. कूलरच्या ताट्यांमधून सुटलेले गवत व लाकडी तंतू आणि पाण्यातील क्षारांचे थर गच्चीच्या जाळीवर अडकतात. जून महिन्यातील पहिल्या जोरदार सरीबरोबर हा सारा कचरा एकाच वेळी नळाच्या तोंडाशी येतो.

100 चौरस मीटर गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडल्यास 10,000 लिटर पाणी जमा होते आणि त्याचे वजन 10 टन भरते. निचऱ्याचे तोंड बंद असल्यास, कठड्याने अडवलेल्या या पाण्याचा भार छतावर येतो व भिंतींत ओल शिरते.

23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटे नागपूरमध्ये अवघ्या काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. असे पूर घरगुती देखभालीने टळत नाहीत. मात्र बाहेरील मलवाहिनी भरली की सांडपाणी उलट दिशेने तळमजल्यावरील मोरीतून व शौचालयातून वर येते. सखल भागातील घरांमध्ये हे रोखण्यासाठी बाहेर जाणाऱ्या नळावर एकदिशा झडप बसवतात.

गच्चीचे पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडल्यास हाच धोका वाढतो. मलवाहिनी पावसाच्या पाण्यासाठी आखलेली नसल्याने ती लवकर भरते आणि उताराच्या खालच्या बाजूच्या घरांना त्याचा त्रास होतो.

तुंबण्याची कारणे

स्वयंपाकघरातील नळात तेल, तूप व अन्नकण साचतात. सावजी रश्शावरील तर्री किंवा तळणीचे तेल गरम असताना सहज वाहून जाते. पुढे नळात थंड झाल्यावर ते आतल्या बाजूस चिकटते आणि त्यावर अन्नकण व साबणाचा साका बसत जातो. न्हाणीघरात केस व साबण, तर शौचालयात सॅनिटरी पॅड, लंगोट व ओले पुसणे ही तुंबण्याची नेहमीची कारणे असतात. नळाला पुरेसा उतार नसणे, तडे गेलेल्या सांध्यांतून झाडांची मुळे शिरणे आणि बांधकामाचे सिमेंट मोरीत धुणे हीदेखील कारणे आढळतात.

नियमित देखभाल

मे महिन्याच्या अखेरीस, ऊन चढण्यापूर्वी, गच्ची व पन्हळी झाडून कचरा गोळा केला जातो. तो पाण्याने नळात लोटला जात नाही. त्यानंतर बादलीभर पाणी ओतून निचरा तपासतात. नळाच्या तोंडावर घुमटाकार जाळी बसवल्यास पाने साचूनही वरच्या बाजूने पाणी जात राहते. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर जाळी मोकळी करावी लागते. पन्हळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते, त्यामुळे साफसफाईबरोबर पन्हळीचा उतारही तपासला जातो.

घरात भांडी धुण्यापूर्वी तेलकटपणा कागदाने पुसून घेणे, वापरलेले तेल मोरीत न ओतणे आणि जाळीवरील केस दर आठवड्याला काढणे, एवढ्याने बरीचशी तुंबण टळते.

तुंबलेला नळ मोकळा करणे

प्रथम रबरी पंपाने दाब देतात. त्याने काम न झाल्यास बेसिनखालील ट्रॅप उघडून धुतात किंवा लवचीक तार नळात फिरवतात. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांच्या मिश्रणाला फेस येतो, पण घट्ट अडथळ्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कॉस्टिक सोडा त्वचा व डोळे भाजतो. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. म्हणून एक रसायन टाकल्यानंतर दुसरे टाकले जात नाही.

सुरक्षितता व कायदा

बंद चेंबर, मॅनहोल व सेप्टिक टँक यांत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन वायू साचतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढल्यास वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास न येणे हे सुरक्षिततेचे लक्षण नसते. आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला वाचवण्यासाठी उतरलेल्यांचाही मृत्यू ओढवतो.

हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांच्या नियुक्तीस प्रतिबंध करणारा 2013 चा केंद्रीय कायदा मलवाहिनी व सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई करतो. ही मनाई महानगरपालिकेप्रमाणेच घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख रुपये केली. घरातील साधनांनी न सुटणारी तुंबण म्हणूनच यंत्राने, शोषक टँकर किंवा उच्चदाब जलझोताच्या साहाय्याने, काढली जाते.