आधारची प्रत आणि लोणावळ्याचा बंगला (लेखांक ४)

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी तुंगार्लीतला बंगला किंवा पवना धरणाकाठचा तंबू ठरवला, की मोबाइलवर निरोप येतो: सगळ्यांचे आधार पाठवा, अॅडव्हान्स टाका. पाहुण्यांची नोंद ठेवणे हे मुक्काम देणाऱ्याचे कामच आहे आणि त्याबद्दल तक्रार असू नये. मात्र ओळख पटवून घेणे वेगळे आणि आधारची पूर्ण प्रत कायमची जवळ ठेवणे वेगळे.

व्हॉट्सअॅपवरचा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. धोका असतो तो पोहोचल्यानंतर. एजंटाकडून मालकाकडे, मालकाकडून बंगल्याच्या केअरटेकरकडे असा फोटो पुढे सरकतो. प्रत्येकाच्या गॅलरीत आणि बॅकअपमध्ये त्याची एकेक प्रत राहते. मुक्काम एका रात्रीचा असतो, प्रती मात्र वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात.

हा प्रश्न सरकारी पातळीवरही उघड झाला होता. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असे पत्रक काढले. हॉटेलांसारख्या परवाना नसलेल्या खासगी आस्थापनांना अशा प्रती घेण्याची मुभा नाही, असेही त्यात होते. गैरसमज होईल म्हणून ते दोनच दिवसांत मागे घेतले गेले आणि नागरिकांना नेहमीची खबरदारी घेण्यास सांगण्यात आले. ती खबरदारी नेमकी कोणती, हे सामान्य माणसाला कळायला हवे होते.

पहिला उपाय मास्क्ड आधारचा. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवता येते. बारापैकी शेवटचे चारच अंक त्यावर दिसतात. मात्र नाव, पत्ता आणि जन्मतारखेचा तपशील झाकला जात नाही, म्हणून तेही सढळ हाताने वाटण्याजोगे नाही. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला तो सहज जुळवता येतो. प्रतीवर ‘फक्त अमुक मुक्कामासाठी’ असे तारखेसह आडवे लिहिले, की ती दुसरीकडे वापरणे अवघड होते. सर्वांत बरे म्हणजे ओळखपत्र दारात दाखवावे आणि नोंदवहीत आवश्यक तेवढेच लिहावे.

बुकिंगची जाहिरातच खोटी असेल, तर अॅडव्हान्सबरोबर ओळखपत्रेही भामट्याच्या हाती जातात, आणि त्यांच्याच आधारे तो पुढच्या ग्राहकाला स्वतःची ‘ओळख’ दाखवू शकतो. म्हणून जागा खरी असल्याची खात्री आधी, कागदपत्रे नंतर. ‘पैसे परत करतो’ म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर तो देऊ नये. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. हेतू संपला की माहिती पुसावी, हे त्याचे तत्त्व आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरी मुख्य बंधनांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर मुक्काम आटोपल्यावर प्रती पुसून टाकण्याची विनंती पाहुण्यानेच करायची आहे, आणि ती करायला संकोचू नये.

पूर्ण क्रमांक आधीच अनेकांकडे गेला असेल, तर एमआधार अॅपमधून बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख लॉक करता येते. आधार कुठे कुठे वापरले गेले, याचा मागील सहा महिन्यांचा इतिहासही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. त्यात अनोळखी नोंद दिसली, तर प्राधिकरणाच्या १९४७ या क्रमांकावर विचारणा करता येते.