आधी दारू सुटू दे, मग बघू

"पिऊन बडबडतोय, सकाळी उतरली की विसरेल." पिणारा माणूस मरणाची भाषा बोलू लागला की घरात हमखास हेच ऐकू येतं. सकाळी तो खरंच विसरतोही, पण मधली रात्र फार धोक्याची असते. नशेत असताना आत्महत्येचा प्रयत्न होण्याची शक्यता सुमारे सातपट वाढते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017 मधल्या एका संशोधनात आढळलं. दारू मेंदूतल्या आवर घालणाऱ्या, पुढचा विचार करणाऱ्या भागांना सुस्त करते. दुःख तेवढंच राहतं, त्याला थोपवणारा हात सैल पडतो. मुलंबाळं, उद्याची सकाळ, जिवाभावाचा मित्र, सगळं त्या घटकेला नजरेआड होतं. अशा माणसाला एकटं सोडू नये, घातक वस्तू आणि औषधांचा साठा त्याच्या हाती लागू देऊ नये आणि नशा उतरल्यावर त्याच बोलण्याविषयी शांतपणे पुन्हा विचारावं.

"विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल" ही भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. आत्महत्येचे विचार येतात का, असं थेट विचारल्याने ते वाढत नाहीत, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. कुणीतरी विचारलं याचा बहुतेकांना आधारच वाटतो.

स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला तर "नाटकं करतो" हा शेरा ठरलेला. प्रत्यक्षात यातले कितीतरी जण जखमा लपवतात. नैराश्य, बायपोलर आजार किंवा भावनांचे टोकाचे चढउतार असलेल्या रुग्णाला आतला ताण असह्य होतो. स्वतःला इजा केल्यावर तो काही वेळ ओसरतो. दारू, गांजा किंवा झोपेच्या गोळ्याही असाच काही वेळाचा उतारा देतात. उतारा संपला की ताण परत येतो, सोबत अपराधीपणा आणतो आणि हात पुन्हा तिकडेच वळतो. म्हणून या दोन सवयी एकाच रुग्णात इतक्या वेळा भेटतात. स्वतःला इजा करून रुग्णालयात आलेल्यांपैकी सुमारे 16 टक्के वर्षभरात पुन्हा तसं करतात आणि पाच वर्षांत साधारण 25 जणांमागे एकाचा आत्महत्येने मृत्यू होतो, असं जगभरातल्या अभ्यासांची बेरीज सांगते. याला नाटक म्हणणं क्रूर आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र एका समजुतीने होतं: आधी दारू सुटू दे, मग डोक्याच्या आजाराचं बघू. मनोविकाराचा दवाखाना रुग्णाला व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवतो, केंद्र म्हणतं याला आधी मानसोपचार द्या, आणि या येरझाऱ्यांत रुग्ण हरवतो. दारूमुळे आलेली उदासी पिणं थांबल्यावर काही आठवड्यांत निवळू शकते, हे खरं. पण अनेकांचं नैराश्य दारूच्या आधीपासूनचं असतं आणि कोरड्या दिवसांत ते उघडं पडतं. आधी काय आलं याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही. दोन्हींवर एकाच वेळी, शक्यतो एकाच ठिकाणी उपचार व्हायला हवेत.

याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे "मनावर घेतलं तर एका दिवसात सुटते". माळ घातली, शपथ घेतली, बाटली बंद. रोज भरपूर पिणाऱ्याने असं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. निर्धार चांगलाच, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीची जोड हवी. आणि "आज घेतली आहे, आज गोळी नको" असं परस्पर ठरवून मानसिक आजाराची औषधं बंद करणंही धोक्याचं आहे. पीत असल्याचं डॉक्टरांना खरंखरं सांगावं, गोळ्यांचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्यावं.

उपचार मिळतात तरी किती जणांना? एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 भारतीयांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रात, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. व्यसन हे कारण देशभरात 6.8 टक्के प्रकरणांत लिहिलं गेलं. पण कौटुंबिक कलह किंवा आजारपण असं कारण लिहिलेल्या घरांत दारू नव्हतीच, असं कोण म्हणेल?

दरवेळी मोठं रुग्णालयच लागतं, असंही नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसोबत मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी 36 टक्के पुरुष त्या पातळीवरून खाली आले होते. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण 26 टक्के होतं. तिथेच नैराश्यासाठी घेतलेल्या अशाच बैठकांनंतर आत्महत्येचे विचार आणि प्रयत्नही कमी झालेले दिसले. दोन्ही अभ्यास 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

पोलीस केसच्या धास्तीने अजूनही काही कुटुंबं जखमी माणसाला दवाखान्यात न्यायला कचरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर येते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 नव्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकारही याच 2017 च्या कायद्यात मानसिक आजार म्हणून गणले आहेत, त्यामुळे व्यसनी रुग्णालाही उपचार मागण्याचा हक्क आहे.

घरात असा कुणी असेल तर वाट पाहू नका. टेलिमानस या मोफत सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे, तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येतं, व्यसनमुक्तीसाठी 14446. जीव धोक्यात असेल तर 108 ला फोन करा.