नेटिव्ह लायब्ररीचं नाव: जावा काय सांभाळते, काय नाही

जावा प्रोग्रॅमला सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली लायब्ररी जोडायला घेतली की पहिला गोंधळ फाइलच्या नावावरून होतो. समजा, लायब्ररीचं नाव ‘गणित’. विंडोजवर तिची फाइल ‘गणित.डीएलएल’, लिनक्सवर ‘लिबगणित.एसओ’, मॅकवर ‘लिबगणित.डायलिब’. म्हणून अनेक जण ऑपरेटिंग सिस्टिम तपासून कोडमध्ये तीन नावं लिहून ठेवतात. त्याची गरजच नाही. ‘सिस्टिम.लोडलायब्ररी’ला नुसतं ‘गणित’ द्यायचं. पुढचं ‘लिब’ आणि मागचं एक्स्टेन्शन जावा लावते. पूर्ण नाव दिलंत तर लिनक्सवर चक्क ‘लिबलिबगणित.एसओ.एसओ’चा शोध सुरू होतो! पूर्ण नाव लागतं ते ‘सिस्टिम.लोड’ला, तेही ॲब्सोल्यूट पाथसकट.

जुनी ट्यूटोरियल्स मॅकसाठी ‘जेएनआयलिब’ सांगतात. ती ॲपलच्या जावा ६ ची पद्धत. जावा ७ पासून ‘डायलिब’ चालतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो ‘अनसॅटिस्फाइडलिंकएरर’. तो दिसला की नाव चुकलं, असं धरून लोक फाइलचं नाव बदलत बसतात. कृपा करून आधी पुढचा मजकूर वाचा. ‘नो गणित इन जावा.लायब्ररी.पाथ’ म्हणजे शोधलेल्या फोल्डरांत फाइल मिळाली नाही. विंडोजवर ‘कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज’ आलं, तर फाइल सापडली आहे. तिला लागणारी दुसरी डीएलएल सापडलेली नाही. ती विंडोज स्वतःच्या नियमांनी शोधतं, तिथे ‘जावा.लायब्ररी.पाथ’ कामाचा नाही. ६४-बिट जावाला ३२-बिट लायब्ररी दिली तरी हाच एरर. आणि लायब्ररी नीट लोड होऊन मेथड बोलावताना तो आला, तर नेटिव्ह फंक्शनचं नाव पाहा: त्यात पॅकेज आणि क्लासचं नाव गुंफलेलं असतं, त्यामुळे पॅकेज बदललं की जुळणी तुटते.

प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ‘जावा.लायब्ररी.पाथ’ बदलूनही उपयोग होत नाही, कारण जावाने तो आधीच वाचून ठेवलेला असतो. तो सुरुवातीलाच, कमांडमध्ये द्यावा.

लायब्ररी जारमध्ये टाकली की काम झालं, हाही गैरसमजच. एरवी ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्कवरची खरी फाइल लागते. म्हणून एसक्यूलाइटचा जेडीबीसी ड्रायव्हर योग्य फाइल जारमधून टेम्प फोल्डरमध्ये काढून मग लोड करतो. असं काही स्वतः लिहिणार असाल, तर ‘ओएस.आर्च’ जपून वापरा: त्याच ६४-बिट इंटेल प्रोसेसरला विंडोज-लिनक्सवर ‘एएमडी६४’ म्हणतात, मॅकवर ‘एक्स८६_६४’.