पालिसांचे 122 ठिपके

1885 साली ‘द ऑब्झर्व्हेटरी’ या इंग्रजी मासिकात एक अजब निवेदन छापून आलं. 50 पौंड मोजा आणि 244 क्रमांकाच्या लघुग्रहाला हवं ते नाव ठेवा! नावाचा हक्क विकायला काढणारे होते त्याचे शोधक, व्हिएन्नाचे खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसा. पुढल्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी त्यांना पैसे उभे करायचे होते. 244चं नाव शेवटी ‘सीता’ ठेवलं गेलं, आपल्या रामायणातल्या सीतेवरून. 250व्याचं बारसं मात्र रॉथशील्ड घराण्याच्या पैशावर पार पडलं, तो ‘बेटिना’.

पालिसांचा जन्म 1848चा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओपावातला. पंचविशीच्या आतच ते एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पोला इथल्या नौदल वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथे 1874मध्ये त्यांना पहिला लघुग्रह सापडला, ‘ऑस्ट्रिया’. 1880मध्ये ते प्रमुखपद सोडून व्हिएन्नात दुय्यम जागेवर गेले, कारण तिथे 27 इंची भिंगाची प्रचंड दुर्बीण येत होती. खुर्चीपेक्षा भिंग मोठं मानणारा माणूस!

काम विलक्षण चिकाटीचं. तारकानकाशा शेजारी ठेवायचा, दुर्बिणीत दिसणारा एकेक तारा त्याच्याशी ताडून बघायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा मोजायची आणि तो ताऱ्यांमधून सरकतो का, हे पाहायचं. सरकला तर तो लघुग्रह. पण कक्षा बसवायची तर पुढच्या रात्रींचे वेधही हवेत, आणि मध्येच ढग आले की शिकार निसटायची.

1891मध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रातून लघुग्रह शोधून काढला. दीर्घ उद्भासनात तारे बिंदू राहतात, लघुग्रहाची मात्र बारीक रेघ उमटते. डोळ्यांचे दिवस तिथेच सरले म्हणायचे. पालिसांनी मात्र रुसवा धरला नाही. वोल्फ यांच्याच जोडीनं त्यांनी छायाचित्रांवरून तारकानकाशे छापले आणि 1923पर्यंत शोध चालू ठेवला. केवळ नजरेनं 122 लघुग्रह दुसऱ्या कुणालाच सापडलेले नाहीत. 1925 साली ते वारले.

त्यांच्या ठिपक्यांचं खरं रूप फार उशिरा उघड झालं. 1993मध्ये ‘गॅलिलिओ’ यान ‘आयडा’जवळून गेलं, आणि त्या छायाचित्रांत लघुग्रहाला चक्क स्वतःचा चंद्र निघाला. 1997मध्ये ‘निअर’ यानानं ‘माथिल्डे’ गाठला. कोळशासारखा काळा, आणि आतून बराच पोकळ. 1911मध्ये सापडलेला ‘आल्बर्ट’ तर हरवलाच होता. तो 2000 साली अमेरिकेतल्या ‘स्पेसवॉच’च्या दुर्बिणीला पुन्हा गवसला.