दोन मायक्रोफोन आणि हरवलेला ढोल

शिमग्यात पालखीपुढे वाजणारा खालूबाजा रायगड-रत्नागिरीकडच्या वाचकांना नवा नाही. सनई, ढोल, टिमकी आणि झांज एवढाच त्याचा संसार. त्यातल्या चाली मुले थोरांच्या मागे चालत कानाने उचलतात. मात्र तरुण मुले आता कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याला असतात आणि सणापुरती गावी येतात. त्यांना एरवीही ऐकून शिकता यावे, म्हणून महाडजवळच्या बिरवाडीतील काही शिक्षकांनी एका पथकाचे ध्वनिमुद्रण करायचे ठरवले आणि आम्हांला मदतीस बोलावले.

मोबाईलवर केलेली मुद्रणे त्यांच्याजवळ होतीच. त्यांत ढोलाचा ठोका पडला की सनई दबायची आणि क्षणभराने पुन्हा वर यायची. याचे कारण असे, की मोबाईलची रचना मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी असते. मोठा आवाज आला की तो आपली संवेदनक्षमता आपोआप कमी करतो आणि शांतता झाली की वाढवतो. भाषणाला हे सोयीचे, पण ज्या वाद्यात ठोक्याचा लहानमोठेपणा हाच मजकूर असतो, तेथे मजकूरच पुसला जातो.

खर्चाला पैसे फारसे नव्हते. शाळेतल्या लाउडस्पीकरसोबतचे फिरत्या वेटोळ्याचे दोन मायक्रोफोन, दोन वाहिन्यांचा एक छोटा मुद्रक, सुतळी आणि गोधड्या एवढी सामग्री जमली. या जातीच्या मायक्रोफोनमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते व ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. झांजेची नाजूक किणकिण टिपण्यात तो थोडा कमी पडतो, पण ढोलाचा दणका निमूटपणे सोसतो.

पहिला अडथळा खोलीचा. वर्गखोली साधारण 7 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3.5 मीटर उंच, म्हणजे आकारमान 147 घनमीटर. हार्वर्डमधील वॉलेस सॅबाइन यांनी 1895 नंतरच्या काही वर्षांत एका व्याख्यानगृहात रात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या आणि प्रतिध्वनी विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून आलेले सूत्र सोपे आहे: आकारमानाला 0.16 ने गुणावे आणि शोषक क्षेत्रफळाने भागावे. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत शोषक क्षेत्रफळ 10 चौरस मीटर धरले, तर उत्तर सुमारे 2.4 सेकंद येते. एवढ्या वेळात टिमकीचे कितीतरी बोल एकमेकांवर चढतात. सुमारे 3 चौरस मीटरच्या बारा गोधड्या भिंतींवर टांगल्या आणि त्या पडणाऱ्या ध्वनीचा चाळीस टक्के भाग शोषतात असे मानले, तर वेळ एका सेकंदावर येतो. ढोलाच्या खर्जाला मात्र गोधडी दाद देत नाही. 100 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, त्यापुढे दोन बोटे जाडीचे कापड काय करणार? शेवटी आम्ही अंगणात आलो. तेथे औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज होता, म्हणून पहाटेची वेळ धरली.

आता आमची चूक सांगतो. एक मायक्रोफोन ढोलापासून अर्ध्या मीटरवर ठेवला आणि दुसरा सनई-टिमकीच्या समोर, ढोलापासून दीड मीटरवर. सनई बारीक वाटली म्हणून दुसऱ्याची पातळी वाढवली आणि दोन्ही वाहिन्या मिसळल्या. ढोलवाले काका ऐकून म्हणाले, "सर, हा काय आमचा ढोल नाय. डबा वाजतोय नुसता."

त्यांचे बरोबर होते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 346 मीटर धरू. दोन मायक्रोफोनांच्या अंतरांत एक मीटरचा फरक, म्हणून ढोलाचा तोच ठोका दुसऱ्याकडे 2.9 मिलिसेकंद उशिरा पोचतो. ज्या ध्वनीची तरंगलांबी 2 मीटर, त्याच्या बाबतीत हा उशीर बरोबर अर्ध्या तरंगाचा. एकाकडे संपीडन पोचते तेव्हा दुसऱ्याकडे विरलन, आणि बेरीज शून्याकडे जाते. 346 भागिले 2, म्हणजे 173 हर्ट्झ. ढोलाचा भरदारपणा याच परिसरात असतो! पुढे 519, 865 हर्ट्झ अशा विषम पटींवरही खड्डे पडतात. आलेखात ते कंगव्याच्या दातांसारखे दिसतात.

पातळी वाढवली नसती तर नुकसान थोडे झाले असते. अंतर तिप्पट झाल्यावर मोकळ्या जागेत दाबाचा आयाम एक तृतीयांश होतो, तेव्हा वजाबाकीनंतरही दोन तृतीयांश उरला असता. आम्हीच तो एक तृतीयांश पुन्हा फुगवून पहिल्याच्या तोडीस आणला होता.

उपाय सुतळीचा. तिचे एक टोक ढोलाच्या मध्यावर धरले आणि दोन्ही मायक्रोफोन वादकांच्या डोक्यांवर, ढोलापासून समान दीड मीटरवर, बांबूला बांधले. इंग्लंडचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ड्रमसेटसाठी प्रसिद्ध असलेल्या रीतीत हेच समान अंतर मुख्य ड्रमपासून राखतात. ड्रमसेट तरी काय, ढोल-टिमकी-झांज एकाच माणसाच्या हातापायांखाली आणलेली. गणपतीतल्या बेंजोपार्टीचा सेट मुद्रित करायचा असेल, तर हीच सुतळी चालेल.

ढोलाच्या दोन तोंडांशी दोन मायक्रोफोन ठेवण्याचा मोह होतो, तोही जपून आवरावा. एका पानावर थाप पडली की ते आत जाते आणि आतली हवा दुसरे पान बाहेर ढकलते. म्हणून दोन्हीकडच्या सुरुवातीच्या लहरी उलट चिन्हांच्या असतात; मिसळण्याआधी एक वाहिनी उलटी करावी लागते.

हे सारे वर्गात मायक्रोफोनाविनाही दाखवता येते. ऑडॅसिटी ही विनामूल्य आज्ञावली संगणकावर घ्यावी. ढोलाच्या एकाच मुद्रणाच्या दोन प्रती एकाखाली एक ठेवाव्यात आणि एक 2.9 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने असतील तर 127 नमुन्यांनी, मागे सरकवावी. ढोलाचा डबा झालेला ऐकू येईल. मग प्रती पुन्हा जुळवून एक उलटी करावी. मुलांना काय ऐकू येईल याचा अंदाज आधी फळ्यावर लिहून घ्यावा.

झांज अजून कानावर येत होती. वादकाला दोन मीटर मागे उभे केल्यावर ती बेताची झाली. तिसरे मुद्रण काकांनी डोळे मिटून ऐकले. आवाजाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. टिमकीवाल्या पुतण्याकडे वळून म्हणाले, "मधीच पळतोस रे तू. पुन्हा घेऊ."