हैदराबादहून डिस्चार्ज मिळाला, आता घरी काय? ‘हार्ट फेल्युअर’ सांभाळण्याचा रोजचा हिशेब

हैदराबाद : आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हटलं की माणूस गेला, असाच अर्थ घेतला जातो. त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर ‘कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर’ असं लिहिलेलं वाचलं की घरातले काही जण हातपाय गाळतात. काही जण मात्र पेशंट चालता-बोलता दिसतोय म्हणून ते कार्ड पिशवीत ठेवून विसरतात. या आजारात दोन्ही गोष्टी महागात पडतात.

मराठवाडा, बिदर आणि तेलंगणा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. नंतर तीन राज्यं झाली, पण दवाखान्याची वाट बदलली नाही. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद भागातले हृदयरोगाचे पेशंट आजही पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये, उस्मानियात, गांधी हॉस्पिटलमध्ये किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यांत दाखल होतात. चार-आठ दिवसांनी सूज उतरते, दम कमी होतो आणि डिस्चार्ज मिळतो. त्यानंतर डॉक्टर हैदराबादेत आणि पेशंट गावी. नांदेडहून हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या पुढचं आहे. म्हणून बिघाडाची पहिली खूण घरच्यांनाच ओळखावी लागते.

पहिले ९० दिवस जोखमीचे

देशातल्या ५३ रुग्णालयांत दाखल झालेल्या १०,८५१ हार्ट फेल्युअर रुग्णांची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली गेली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचं सरासरी वय साधारण ६० होतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी. ९० दिवसांत दर १०० पैकी सुमारे १४ रुग्ण दगावले. ज्यांना ठरलेली सगळी औषधं मिळायला हवी होती, त्यांतल्या निम्म्यांनाही ती पूर्ण मिळत नव्हती.

दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात डिस्चार्जनंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात रुग्णांना तपासून औषधांचे डोस लवकर वाढवले गेले. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण त्यांच्यात १०० मागे सुमारे १५ राहिलं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ते २३ होतं. म्हणून ‘बरं वाटतंय, कशाला जायचं’ म्हणत पहिली फेरतपासणी टाळणं चुकीचं आहे. हैदराबादला जाणं जमत नसेल तर डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्यावं : गावाजवळच्या कोणत्या फिजिशियनकडे दाखवायचं, रक्ततपासणी कधी करायची आणि रिपोर्ट कुठे पाठवायचा.

नेमकं होतं काय?

हृदय बंद पडलेलं नसतं, चालूच असतं. पण मोटार कमजोर झाल्यावर पाणी पुढे ढकललं जात नाही, तसं रक्त पुढे कमी जातं आणि मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, आडवं झाल्यावर जास्तच. पायांत, पोटात पाणी साठलं की सूज येते. शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. त्यामुळे तुंबणं आणखी वाढतं.

इकोच्या रिपोर्टमध्ये ‘ईएफ’ असतो. भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. हे परीक्षेचे मार्क नव्हेत. निरोगी माणसाचाही ईएफ १०० नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. ४० किंवा त्याखाली असेल तर पंप कमजोर. काहींचा ईएफ चांगला असूनही हृदय ताठर झाल्यामुळे हाच त्रास होतो. ‘ईएफ ६० आहे, मग दम कसा लागतो’ याचं उत्तर अनेकदा यात असतं.

वजनकाटा आणि कालनिर्णय

घरात सर्वात उपयोगी यंत्र म्हणजे साधा वजनकाटा. सूज डोळ्यांना दिसण्याआधी पाणी काट्यावर दिसतं, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करावं. दुधाचा हिशेब लिहितो तसा आकडा कालनिर्णयवर त्या तारखेत लिहावा. काटा एकच ठेवावा, फरशीवर त्याच जागी.

तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं आहे असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. चप्पल घट्ट होणं, पोट गच्च वाटणं, एका उशीऐवजी तीन उश्या लागणं, रात्री दम लागून उठून बसावं लागणं याही तशाच खुणा. ‘सोमवारी बघू’ म्हणत थांबलं की पुन्हा आयसीयू गाठावं लागतं.

मीठ : वरून नव्हे, आतून येतं

निरोगी माणसानेही दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक चहाचा चमचाही नाही. हार्ट फेल्युअरमध्ये डॉक्टर सांगतील तो आकडा पाळायचा. बऱ्याच घरांत ताटात वाढलेलं मीठ बंद होतं आणि तेवढ्यावर पथ्य झालं असं वाटतं. पण लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, खारे दाणे, फरसाण, पाव यांतून मीठ येतच राहतं. पापडखार आणि भजीतला सोडा यांतही सोडियम असतं. हैदराबादेत राहणाऱ्यांसाठी यादीत गोंगुऱ्याचं लोणचं, मिरची का सालन आणि चहाबरोबरचं उस्मानिया बिस्किटही आलं. चव लिंबू, आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर यांनी आणता येते.

दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. या आजारातल्या काही गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवतात आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

पाण्याची मर्यादा प्रत्येकाला लागू नसते. दीड-दोन लिटर सांगितली असेल तर सकाळीच तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवावं. चहा, ताक, वरणाचं पाणी, सूपही त्यातच धरायचं. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र घाम भरपूर जातो आणि लघवीची गोळीही चालू असते. चक्कर आली, लघवी कमी झाली, वजन भराभर उतरलं तर डोस बदलावा लागू शकतो. फोन करून विचारावं. मीठ असल्यामुळे ओआरएसही मनाने घेऊ नये.

गोळ्या : जुन्या पट्ट्या वेगळ्या काढा

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळ्या साठलेलं पाणी काढतात. ईएफ कमी असलेल्यांचं आयुष्य वाढवणारी औषधं चार गटांतली : सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन किंवा रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटच्या दोन मुळात शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात. ‘मला शुगर नाही, डॉक्टरांनी चुकून लिहिली’ म्हणून ती बंद करू नये.

सीमाभागात खरी गडबड ब्रँडच्या नावांमुळे होते. हैदराबादेत लिहिलेला ब्रँड गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दुसरा मिळतो, आणि घरात जुनी पट्टीही असते. मग एकच औषध दोन नावांनी दोनदा जातं. याहून गंभीर म्हणजे नवीन सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन सुरू असताना जुनी रामिप्रिल किंवा एनालाप्रिलची गोळीही चालू राहणं. ही दोन औषधं एकत्र कधीच घ्यायची नाहीत, बदलताना ३६ तासांचं अंतर लागतं. एकत्र गेली तर चेहरा, जीभ, घसा सुजून जिवावर बेतू शकतं. म्हणून घरी आल्यावर सगळ्या पट्ट्या एका ताटात काढाव्यात, ब्रँडखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव कार्डाशी जुळवावं आणि बंद झालेल्या पट्ट्या बाजूला कराव्यात. मूळ नावांची यादी मराठीत लिहून पाकिटात ठेवली तर कोणत्याही राज्यातल्या डॉक्टरला पटकन सांगता येते.

दुसरी नेहमीची चूक प्रवासाच्या दिवशी होते. बसमध्ये लघवीची पंचाईत नको म्हणून गोळी टाळली जाते. नेमकं तपासणीला निघालेला पेशंटच दम लागलेल्या अवस्थेत पोहोचतो. गोळी टाळण्याऐवजी ती पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हे आधी विचारून ठेवावं.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शरीरात पाणी साठवतात आणि किडनीवर ताण देतात. ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम असतं. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम उतरवतं. जुलाब, उलट्या किंवा कडक उपवास असेल तर लघवीची गोळी, डापाग्लिफ्लोझिन वगैरे तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. नवरात्राच्या आधीच विचारलं तर बरं.

पैशाचं गणित

आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयातही चालतं. ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्न न बघता हे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून खुलं झालं. पण योजना भरतीच्या खर्चाची आहे. डिस्चार्जनंतर औषधं १५ दिवसांपुरतीच त्यात येतात. सोळाव्या दिवसापासून खर्च घरचा, आणि गोळ्या बंद पडण्याची सुरुवात अनेकदा इथेच होते.

दिलाशाची बाब म्हणजे डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं. अनेक देशी कंपन्या ही औषधं बनवू लागल्या आणि किमती बऱ्याच उतरल्या. जनऔषधी केंद्रात मूळ नावाने चौकशी करावी. तरीही परवडत नसेल तर डॉक्टरांना सरळ तसं सांगावं. स्वस्त पर्याय निघू शकतो. न सांगता एक दिवसाआड गोळी घेणं धोक्याचं.

रोजचं चालणं, आणि कधी धावायचं

सूज उतरल्यावर खाटेला धरून बसायची गरज नसते. चालताना बोलता येईल इतक्या वेगाने, सपाट रस्त्यावर, थोडं थोडं वाढवत चालावं. तंबाखू, गुटखा, दारू बंद. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण छातीचा साधा संसर्गही पुन्हा भरती करायला लावतो. नवीन गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी चुकवू नये. ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळे पडणं, गुलाबी फेस येणारा खोकला यांपैकी काहीही दिसलं तर हैदराबादची गाडी शोधत बसू नये. पेशंटला बसतं करावं, १०८ ला फोन करावा आणि सर्वात जवळचं रुग्णालय गाठावं. हा नंबर महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक तिन्हीकडे चालतो. सोबत औषधांची यादी, शेवटचा इको आणि कालनिर्णयचं ते पान घ्यावं. त्या पानावरून नव्या डॉक्टरलाही पाणी केव्हापासून साठत आलं ते कळेल.