मागच्या खोलीतलं नेट

ओटीवर मोबाइल कसा झकास चालतो, आणि स्वयंपाकघरात गेलं की व्हिडिओच्या मध्यभागी ते चक्र गरगरत बसतं. मैत्रिणींनो, हा अनुभव तुमच्याही घरचा असणार. कोकणातली जुनी घरंच तशी. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, आणि परसाच्या बाजूला मागाहून काढलेली एखादी खोली. आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक. नेटची वायर रस्त्याच्या खांबावरून येते, म्हणून राउटर बसतो ओटीवर. आणि ज्याला नेट हवं असतं तो नेमका शेवटच्या डब्यात!

आमच्या माणगावच्या घरात शेवटच्या डब्यात माझा पुतण्या असतो. आठवीत आहे. त्याच्याकडे प्लेस्टेशन आहे, तेही सेकंडहँड. २०१३ साली बाजारात आलेल्या ‘पीएस फोर’चं पहिलं मॉडेल. "खेळच तो, बंद पडला तर बरंच की," असं तुमच्यापैकी कुणी म्हणेलही. पण आमचे धाकटे भावोजी कुवेतला नोकरीला आहेत. आपल्या दक्षिण रायगडात मुंबईला नाहीतर आखातात माणूस असलेली घरं काही कमी नाहीत. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. ते ड्युटीवरून खोलीवर पोचतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. फोनवर बापलेकांचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. "जेवलास?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." संपलं. तेच दोघं आपापल्या ठिकाणी बसून फुटबॉलचा गेम खेळायला लागले की पाऊण पाऊण तास बोलतात. गोल मारता मारता पोरगं गणिताचा पेपर कसा गेला तेही सांगून टाकतं. आणि नेट तुटतं ते नेमकं अशाच वेळी. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. तेव्हापासून मध्येच संपर्क तुटला की भावोजी तिकडे अस्वस्थ होतात, आणि इकडे जाऊबाई गप्प.

प्लेस्टेशन ओटीवर आणावं, तर माजघरात सासूबाई नऊलाच झोपतात. त्यांची झोप मोडायची कुणाची छाती नाही.

कनेक्शनवाल्याला विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, मोठा प्लॅन घ्या." आता मला सांगा, टाकीत पाणी कितीही चढवलं आणि मागच्या नळाचा पाइपच तुंबलेला असला, तर धार वाढेल का? प्लॅन हा राउटरपर्यंतचा. पुढचं सगळं आपल्या भिंतींवर.

आणि भिंती आमच्या जांभ्याच्या. वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. प्रत्येक भिंत ओलांडताना त्यांचा जोर कमी होतो, आणि जाड चिऱ्याची भिंत तर बराच जोर खाते. त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळाभर पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न गरम होतं ते जवळपास याच लहरींनी, त्यांतल्या पाण्यामुळे. आषाढात आमचं नेट जास्त का रडतं, ते यावरून लक्षात यावं. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा हेही वाटेत आडवे येतात.

राउटरच्या लहरी सहसा दोन प्रकारच्या असतात. एक २.४ गिगाहर्ट्झ, दुसरी ५. पाचवाली वेगवान पण भिंतीशी हरणारी, दुसरी हळू पण चिवट. पीएस फोरच्या या पहिल्या मॉडेलला फक्त २.४ कळते. पाचची सोय २०१६ च्या मॉडेलांपासून आली. म्हणून "फाइव्हवालं वाय-फाय चालू करून देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी आपल्या यंत्राला ते कळतं का ते विचारा. २.४ च्या पट्ट्याला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे गर्दीही तिथेच. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, सगळे एकाच गल्लीत. पोराच्या हातातलं ते कंट्रोलरसुद्धा ब्लूटूथवरच चालतं, सारखं एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत. या उड्यांच्या युक्तीचं एक पेटंट १९४२ साली अमेरिकेत हेडी लमार या सिनेनटीला एका संगीतकाराच्या जोडीने मिळालं होतं, बरं का! पाणतीराचा संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून.

असो. एका रविवारी जाऊबाई आणि मी मोबाइल हातात धरून घरभर फिरलो, सिग्नलच्या दांड्या मोजत. राउटर लोखंडी कपाटाच्या आडोशाला, जमिनीपासून हातभर उंचीवर होता. तो माजघराच्या दाराजवळ उंच फळीवर घेतला. फुकटात स्वयंपाकघर सुधारलं. मागची खोली मात्र तशीच.

मग रिपीटर. हे यंत्र आलेला सिग्नल पकडून पुढे देतं. पुष्कळ जण ते जिथे नेट येत नाही तिथेच लावतात. अहो, जिथे मुळात काही येतच नाही तिथे ते पुढे काय देणार? ते मधल्या जागी हवं, सिग्नल अजून चांगला आहे तिथे. आम्ही शेजारणीचा आणून स्वयंपाकघरात लावून पाहिला. मोबाइलला छान चालला. पण साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यात वेग जवळजवळ निम्मा होतो. गेमला वेग फारसा लागत नाही म्हणा, पण निरोप क्षणात पोचावा लागतो. जरा अडखळला की गोल हुकतो. बापलेक भांडायला लागले.

शेवटी वायरच टाकली. प्लेस्टेशनला मागे लॅनचं भोक असतंच. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आमचं घर जेमतेम सत्तर फूट. वायरमनने माळ्यावरच्या तुळईच्या कडेने, उंदरांच्या भीतीने प्लास्टिकच्या पट्टीतून ती मागे नेली. कपाटातला जुना राउटर मागे जोडून ‘ॲक्सेस पॉइंट’ करून घेतला. त्याच्या एका भोकात प्लेस्टेशन, आणि जाऊबाईंच्या मोबाइललाही तिथे नेट. रिपीटर शेजारणीला परत.

वायर घराबाहेरून, भिंतीवरून न्यायचा मोह होतो. ते टाळा. तांब्याच्या वायरीतून विजेचा झटका दोन्ही टोकांची यंत्रं जाळू शकतो, आणि आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज काही विचारून येत नाही. घरातल्या वायरीलाही धोका असतोच. वीज गेल्यावर नेट हवं असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आम्ही आधी पुढचाच घेतला, मागचा पुढच्या महिन्यात. तोवर लोडशेडिंग झालं की भावोजींना फोनच. आणि मागच्या खोलीत स्विचबोर्डवर जाऊबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली आहे: "गडगडलं की पप्पांना सांगून आधी पिना काढ."